बंपरची खालची जाळी घरच्या घरी काळी करताना

पुढच्या बंपरमध्ये नंबर प्लेटच्या खाली जी रुंद जाळी असते, तिच्याकडे गाडी घेतल्यावर पाच-सहा वर्षं कुणी नीट बघत नाही. मग एखाद्या रविवारी उन्हात गाडी धुताना लक्षात येतं की काळी जाळी राखाडी पडली आहे, मधल्या पट्ट्यांवर खड्यांचे पांढरे टवके उडाले आहेत, आणि बाकी धडधाकट गाडी त्या एका तुकड्यामुळे थकलेली दिसते आहे.

माझ्या हॅचबॅकची जाळी मी दोनदा रंगवली. पहिल्या वेळचा रंग तीन आठवडे टिकला. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी पडलं आणि साप कात टाकतो तसा रंगाचा पापुद्रा पट्टीवरून सुटून आला. तो मी हातात घेऊन उलटा करून पाहिला. आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत होती, म्हणजे रंगाने प्लास्टिकला कधी धरलंच नव्हतं, तो नुसता वर बसला होता. दुसऱ्यांदा रंगवली त्याला आता चार वर्षं झाली. दोन्ही वेळा स्प्रे त्याच दुकानातला आणि त्याच छटेचा. फरक होता तो रंग मारण्याआधीच्या दीड दिवसात. प्रत्यक्ष रंग मारायला फार वेळ लागत नाही. खरं काम त्याच्या आधीचं आहे. म्हणून या लेखातही त्याच भागाला जास्त जागा दिली आहे.

आधी जाळी ओळखा

सगळ्या जाळ्या सारख्या नसतात आणि प्रत्येक जाळी रंगवावीच असंही नाही. बोटाने चाचपून बघा. खरखरीत, दाणेदार, रंग न दिलेलं काळं प्लास्टिक असेल आणि ते फक्त उन्हाने पांढुरकं पडलं असेल, तर आधी काळ्या प्लास्टिकसाठी मिळणारं ट्रिम रिस्टोरर लावून पाहा. काही महिन्यांनी ते पुन्हा लावावं लागतं, पण दाणेदार पोत तसाच राहतो. रंगाने तो पोत थोडाफार भरतो आणि एकदा भरला की परत येत नाही. टवके उडालेले असतील, चट्टेपट्टे पडले असतील किंवा जाळी मुळातच दुसऱ्या रंगाची असेल, तेव्हा मात्र रंगाला पर्याय नाही.

दुसरी जात म्हणजे कंपनीतूनच रंगवून आलेली चकचकीत काळी जाळी, जिला पियानो ब्लॅक म्हणतात. नवशिक्याला ही सर्वात सोपी, कारण खाली रंगाचा घट्ट थर आधीच असतो. तो फक्त घासून मळकट करायचा आणि वर नवा रंग द्यायचा.

तिसरी क्रोमची. प्लास्टिकवर चढवलेला क्रोमचा मुलामा इतका गुळगुळीत आणि टणक असतो की नुसत्या स्प्रेला तो थारा देत नाही. शिवाय जिथे क्रोम फुगून उचकटलेलं असतं तिथल्या कडा ब्लेडसारख्या असतात, बोट कापतं. खालच्या जाळीत क्रोमची एखादीच पट्टी असेल तर पहिल्या खेपेला ती रंगवू नका. तिच्यावर काळी व्हायनल फिल्म चिकटवा. काम स्वच्छ होतं आणि पुढे मन बदललं तर काढूनही टाकता येते.

आता प्लास्टिक कोणतं ते पाहा. जाळीच्या मागच्या बाजूला, टॉर्च मारून बघितलं तर, दोन बाणांच्या टोकांमध्ये बारीक अक्षरं कोरलेली दिसतील. तिथे एबीएस किंवा एएसए असेल तर रंग बऱ्यापैकी सुखाने बसतो. पीपी असेल, किंवा पीपीच्या पुढे ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) आणि टी-२० असं काही असेल, तर ते पॉलिप्रॉपिलीन आहे. टी-२० म्हणजे त्यात २० टक्के टाल्कची भुकटी मिसळलेली. पॉलिप्रॉपिलीनला काहीच चिकटत नाही. स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या डब्यावरचं लेबल नखाने अलगद निघतं ना, त्यातलाच प्रकार. यासाठी रंगाच्या आधी ॲडहेजन प्रमोटर नावाचा पारदर्शक स्प्रे मारावाच लागतो. काही दुकानांत तो प्लास्टिक प्रायमर या नावाने मिळतो, पण त्या नावाने साधं राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखाली द्यायचा थर, तेही विकलं जातं, म्हणून डब्यावर पीपी किंवा पॉलिप्रॉपिलीनसाठी चालतं असं लिहिलंय का ते वाचून घ्या. माझा पहिला रंग सुटला त्याचं अर्धं कारण हेच होतं. जाळी पीपीची होती आणि मी साध्या प्रायमरवर भागवलं होतं.

प्लास्टिकचा तुकडा पाण्यात टाकून तरंगतो का बघा, तरंगला तर पीपी, असं पुष्कळजण सांगतात. टाल्क मिसळलेलं पीपी जड होतं आणि बुडू शकतं, म्हणून या परीक्षेवर विसंबू नका. कोरलेली अक्षरं शोधा, आणि सापडलीच नाहीत तर पीपी आहे असं धरून चाला. प्रमोटर विनाकारण मारला गेला तर नुकसान काही नाही.

काढायची की जागेवरच रंगवायची

जाळी बाहेर काढून रंगवली तर काम नक्कीच चांगलं होतं. डबा फार तिरका न करता सगळ्या कडांपर्यंत पोचता येतं आणि बंपर झाकायची कटकट वाचते. पण बऱ्याच गाड्यांत खालची जाळी बंपरला आतून क्लिपांनी अडकवलेली असते आणि ती सोडवायला आधी अख्खा बंपर उतरवावा लागतो. जुन्या गाडीच्या क्लिपा उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात. एक तुटली की जाळी जन्मभर खडखडत राहते. फॉग लॅम्पच्या वायरी, पार्किंग सेन्सरचे सॉकेट हे सगळं त्यातच येतं. पहिल्यांदा करत असाल तर जागेवरच करा असं मी सांगेन. तुमच्या गाडीची जाळी चार स्क्रू काढून समोरून सुटत असेल तर मात्र जरूर काढा.

नंबर प्लेट आड येत असेल तर ती काढायच्या फंदात पडू नका. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटला एकदाच बसणारे स्नॅप लॉक असतात, ते तोडल्याशिवाय प्लेट निघत नाही आणि तोडले की नवे लॉक बसवून घ्यायची धावपळ मागे लागते. प्लेट जागेवरच प्लास्टिकने गुंडाळून टेप लावा.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. नव्या गाड्यांत समोरच्या गाडीचं अंतर मोजणारा रडार असतो आणि तो बऱ्याचदा याच जाळीच्या मध्यभागी, एका सपाट काळ्या झाकणामागे बसवलेला असतो. त्या झाकणावर रंगाचा थेंबही पडू देऊ नका. पार्किंग सेन्सरच्या गोल टिकल्या आणि कॅमेरा यांनाही हेच लागू. गाडीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल आणि रडार नेमका कुठे आहे ते कळत नसेल, तर गाडीचं मॅन्युअल उघडून खात्री करा आणि मगच पुढे जा.

दिवस कुठला निवडावा

आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, तोही सकाळी दहा-साडेदहापासून दुपारी तीनपर्यंत. त्याआधी पट्ट्यांवर दव असतं, डोळ्यांना दिसलं नाही तरी हाताला गार लागतं. पावसाळ्यात हे काम काढूच नका. स्प्रेमधलं द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड करतं, दमट हवेतलं बाष्प त्या थंड पृष्ठभागावर धरतं आणि काळाभोर रंग दुधाळ होतो. कोकणात आणि गोव्यात तर ऐन हिवाळ्यातही ओलसर हवेचा एखादा दिवस येतो. वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत कडक झाले नाहीत तर त्या दिवशी थांबा.

उलट टोक विदर्भातल्या एप्रिल-मेचं. पत्र्याला हात लावला की भाजतो अशा उन्हात फवारा जाळीपर्यंत पोचेपर्यंतच अर्धा वाळतो आणि हाताला पिठासारखा खरखरीत लागतो. गाडी सावलीत उभी करा. तशी ती कधीही सावलीतच हवी.

वाऱ्याचा विचार स्वतःपेक्षा शेजाऱ्यासाठी करा. स्प्रेचं धुकं कित्येक फूट तरंगत जातं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाजूला कुणाची पांढरी गाडी असेल तर आदल्या दिवशीच सांगून ती हलवून घ्या. पांढऱ्या बॉनेटवर बसलेले बारीक काळे कण लांबून दिसत नाहीत, पण हात फिरवला की टोचतात, आणि ते काढायला क्ले बार, म्हणजे असे कण ओढून काढणारी मऊ वडी, घेऊन तासभर घासावं लागतं.

काय काय आणायचं

भांडी घासायचं लिक्विड, जुने दोन टूथब्रश, चार-पाच मायक्रोफायबर फडकी, आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. हाताला लावायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं. रंगाच्या दुकानातून ४००, ६०० आणि ८०० नंबरचे वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचे पॉलिश पेपर), राखाडी रंगाचं स्कफ पॅड (घासणीसारखं बारीक पॅड), पाऊण-एक इंच रुंदीचा चांगला मास्किंग टेप, आणि वळणाच्या कडांसाठी साधा काळा इलेक्ट्रिकचा टेप. इलेक्ट्रिकचा टेप ताणला जातो आणि गोलाईवर सुरकुती न पडता बसतो, त्याने कड एकदम रेखीव येते.

स्प्रेचे डबे: प्रमोटर एक, गरज असेल तर काळं किंवा गडद राखाडी प्रायमर एक, काळा रंग एक. एका हॅचबॅकच्या खालच्या जाळीला साधारण ४०० मिलिचा एक डबा पुरतो. निम्मा फवारा जाळीच्या भोकांतून पलीकडे वाया जातो, हे धरून सांगतोय. शक्यतो तिन्ही एकाच कंपनीचे घ्या. एकाचं प्रायमर आणि दुसऱ्याचा रंग यांची द्रावकं जुळली नाहीत तर खालचा थर आकसून सुरकुततो. पांढरं किंवा फिकट प्रायमर घेऊ नका. ही जाळी रस्त्याच्या सर्वात जवळची, तिला खडे लागणारच. गडद प्रायमर असलं की टवका उडाला तरी चटकन दिसत नाही.

मॅट (बिनचमकीचा) घ्यावा, सॅटिन (मंद चमकीचा) घ्यावा की चकचकीत? माझं मत सॅटिन. मूळ प्लास्टिकशी तोच जास्त जुळतो. मॅटवर बोटांचे आणि पाण्याचे डाग पटकन उठतात. चकचकीत रंग प्रत्येक धुळीचा कण आणि हाताची प्रत्येक चूक दाखवतो, शिवाय त्याला वरून क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर लागतो. क्लिअर घ्यायचाच असेल तर साधा एकाच घटकाचा घ्या. हार्डनर मिसळलेल्या, टू-के म्हणून विकल्या जाणाऱ्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट नावाची घातक रसायनं असतात. त्यांनी फुप्फुसांना कायमचा त्रास होऊ शकतो, आणि त्यासाठी लागणारी श्वसनाची साधनं घरी नसतात.

साध्या स्प्रेलाही मास्क हवाच, आणि कापडी किंवा एन-९५ नव्हे. तो धूळ अडवतो, द्रावकाची वाफ नाही. रंगकामासाठी कोळशाच्या काडतुसाचा मास्क मिळतो, तो घ्या. हातात नायट्राइलचे मोजे. डब्यातला वायू पेट घेणारा असतो, त्यामुळे जवळपास विडी-सिगारेट, उदबत्ती, चालू गॅस गिझर काहीही नको. राहिलेला डबा गाडीच्या डिकीत विसरू नका. बंद गाडी उन्हात किती तापते ते आपल्याला माहीत आहे, आणि हे डबे ५० अंशांच्या वर नेऊ नयेत असं त्यांच्यावरच छापलेलं असतं.

सफाई

आता मुख्य काम. बंपरच्या काळ्या प्लास्टिकला वर्षानुवर्षं पॉलिश लागलेलं असतं. धुवून झाल्यावर वॉशिंग सेंटरवाला स्पंजने टायरला आणि जाता जाता बंपरच्या जाळीलाही चमक आणतो, ते बहुतेक सिलिकॉन असतं. सिलिकॉनवर रंग पडला की तो बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उमटतात. माझ्या पहिल्या खेपेचं उरलेलं अर्धं कारण हे. गाडी शाम्पूने धुतली, हाताला स्वच्छ लागली, आणि मी समाधान मानलं.

क्रम असा ठेवा. आधी पाण्याने चिखल आणि चिकटलेले किडे काढा. हायवेवरचे वाळलेले किडे सुटत नसतील तर त्यांच्यावर दहा मिनिटं ओलं फडकं लावून ठेवा. मग भांड्याचं लिक्विड आणि टूथब्रश घेऊन प्रत्येक पट्टी वरून, खालून आणि मागून घासा. पट्टी जिथे चौकटीला मिळते त्या सांदीत काळा चिकट मळ साचलेला असतो. रंग सुटायला नेहमी तिथूनच सुरुवात होते. पाण्याने धुवा, पुन्हा घासा, पुन्हा धुवा. वाळू द्या.

त्यानंतर आयपीए. एक फडकं ओलं, एक कोरडं. ओल्याने पुसायचं आणि ते वाळायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायचं. नुसतं ओल्याने पुसून सोडलं तर तेलकटपणा विरघळतो, पसरतो आणि तिथेच परत बसतो. फडक्याची घडी सतत बदलत राहा. कोरड्या फडक्यावर काळपट-पिवळट डाग यायचे थांबले की समजा झालं. मला चार फडकी लागली. पेट्रोल वापरू नका, ते मागे तेलकट अंश ठेवतं आणि धोक्याचंही आहे. थिनरही नको, तो एबीएसला खातो आणि शेजारच्या बंपरचा रंग मऊ करतो.

ही सफाई घासण्याच्या आधीच झाली पाहिजे. आधी पेपर मारला तर सिलिकॉन त्या बारीक ओरखड्यांत शिरतं आणि मग निघता निघत नाही.

स्वच्छ झाली का हे तपासायला चकचकीत जाळीवर पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर बरं. थेंबाथेंबाने गोळा झालं तर तिथे अजून पॉलिश आहे. कोऱ्या पीपीवर ही परीक्षा तितकी भरवशाची नाही, कारण ते प्लास्टिक स्वभावानेच पाणी झटकतं. तिथे कोरड्या फडक्यावरच्या डागांवरच विश्वास ठेवा.

घासणं

रंगवलेल्या चकचकीत जाळीला ६०० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून, साबणाचा थेंब टाकून हलक्या हाताने फिरवा. रंग काढायचा नाही, फक्त चमक मारायची. टवका उडालेल्या जागी रंग आणि प्लास्टिक यांच्यात पायरी झालेली असते. ती ४०० नंबरने उतरती करा आणि बोट फिरवून बघा. बोटाला पायरी लागली तर रंगानंतर डोळ्यालाही दिसणार. सगळी जाळी एकसारखी मळकट, खडूने पुसल्यासारखी दिसली की थांबा.

कोऱ्या पीपीवर जाडा पेपर मारू नका. त्याचे बारीक तंतू सुटून लव उठते आणि ती रंगाखालूनही दिसते. राखाडी स्कफ पॅड लिक्विडच्या पाण्यात बुडवून फिरवा, तेवढं पुरे. बारीक पट्ट्यांमध्ये हात जात नसेल तर पॅडची चिंचोळी पट्टी कापून ती बूट पुसतात तशी जाळीच्या पट्टीमागून ओवून दोन्ही हातांनी मागेपुढे ओढा.

धुवा, वाळवा, पुन्हा एकदा आयपीए. यानंतर उघड्या बोटाने जाळीला हात लावू नका. बोटाचं तेलही रंगाला नको असतं.

झाकणं

इंजिन पूर्ण गार असू द्या आणि गाडी बंद. काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद केल्यावरही स्वतःहून फिरतो, आणि आपण त्याच्या समोर हात घालणार आहोत.

जाळीच्या मागे एसीचा कंडेन्सर असतो आणि त्याच्यामागे रेडिएटर. त्यांच्या बारीक पंखांवर रंग नको, म्हणून पट्ट्यांच्या फटीतून पुठ्ठा किंवा दुहेरी वर्तमानपत्र आत सरकवा. किती तुकडे घातले ते कागदावर लिहून स्टिअरिंगला चिकटवा. एक जरी पुठ्ठा आत राहिला आणि तुम्ही घाट चढायला निघालात तर गाडी तापेल.

बंपरच्या कडेने आधी इलेक्ट्रिकचा टेप, त्याला लागून मास्किंग टेप, त्याला कागद. टेपची कड जुन्या एटीएम कार्डाने फटीत दाबून बसवा. एकेरी वर्तमानपत्रातून रंग आरपार झिरपतो, दोन थर घ्या. बॉनेट, हेडलाइट, फॉग लॅम्प आणि पुढचे दोन्ही टायर प्लास्टिकने झाका. घाई इथेच होते. मला झाकायला दीड तास लागला आणि तो कारणी लागला.

रंगाचे हात

डबा हलवा. आतली गोळी खडखडायला लागल्यापासून पूर्ण दोन मिनिटं. थंडीत डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर फवारा बारीक येतो; पाणी कोमटच हवं, गरम नाही. पहिला फवारा नेहमी पुठ्ठ्यावर. जमलं तर भंगारवाल्याकडून पन्नास-शंभर रुपयांत एखादी तुटकी जाळी आणून तिच्यावर हात बसवा. पट्ट्यांवर फवारा कसा वळतो हे सपाट पुठ्ठ्यावर कळत नाही.

प्रमोटर एकदा, फार तर दोनदा, अगदी पातळ. तो ओलाचिंब दिसायला नको. त्याच्यावर रंग किती मिनिटांत यायला हवा ते डब्यावर लिहिलेलं असतं. साधारण दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. ती वेळ उलटली तर प्रमोटर पुन्हा मारा. तो वाळल्यावर घासायचा नसतो. प्रायमर लागणार असेल तर ते यानंतर, दोन हलके हात.

आता काळा. डबा जाळीपासून वीतभर, जमलं तर चार बोटं जास्त. बोट दाबायचं ते जाळीच्या बाहेर कागदावर, मग हात सरळ रेषेत जाळीवरून न्यायचा आणि पलीकडच्या कागदावर पोचल्यावर बोट उचलायचं. मनगट वळवायचं नाही, अख्खा हात सरकवायचा. हात मध्येच थांबला तर तिथे ओघळ आलाच.

आधी लपलेल्या कडा घ्या: पट्ट्यांच्या खालच्या बाजू, डावी-उजवी आतली अंगं, कोपरे. दर्शनी भाग सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर कडा भरताना समोरच्या भागावर नकळत दुप्पट रंग चढतो आणि ओघळतो. खालून वर मारताना डबा फार आडवा झाला तर रंगाऐवजी नुसता वायू येतो. जमिनीवर सतरंजी टाकून आडवं पडा आणि डबा जमेल तितका उभा धरा.

पहिला हात धुक्यासारखा. खालचा रंग निम्माअधिक दिसत राहिला पाहिजे. हे बघून मन अस्वस्थ होतं आणि लगेच भरून काढावंसं वाटतं, तिथेच आवरायचं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. दुसरा हात थोडा भरीव. पुन्हा तितकंच थांबा. तिसऱ्या हाताने सगळं एकसारखं व्हायला हवं. मोबाइलचा टॉर्च खालून मारून बघा, पट्ट्यांच्या खालच्या कडा हमखास राखाडी राहिलेल्या सापडतात. तेवढ्यापुरता चौथा हात.

रंग झाला की डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबा. नोझल मोकळं राहतं, डबा पुढे उपयोगी पडतो.

टेप रंग पूर्ण वाळायच्या आत काढा, शेवटच्या हातानंतर पंधरा-वीस मिनिटांनी. टेप स्वतःवरच दुमडत, हळू, रंगापासून लांबच्या दिशेने ओढा. दुसऱ्या दिवशी काढला तर कडेचा रंग टेपबरोबर उचकटतो. पुठ्ठे मोजून बाहेर काढा.

चुकलं तर

ओघळ आला तर ओला असताना बोट लावू नका. २४ तास, थंडीत ४८ तास वाळू द्या. मग ८०० नंबरने पाण्यात घासून सपाट करा, पुसा आणि तेवढ्याच भागावर पातळ हात द्या. एखादा किडा किंवा केस बसला तरी हेच. ओल्या रंगातून चिमट्याने काढायला गेलात तर चरा मोठा होतो.

पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा आला तर डबा लांब होता किंवा रंग गार होता. गोल खड्डे दिसले तर सिलिकॉन राहिलं आहे. वर कितीही रंग ओतला तरी ते बुजत नाहीत, तो भाग वाळवून, घासून, सफाईपासून पुन्हा करावा लागतो. सुरकुत्या पडल्या तर दोन हातांमधली वेळ चुकली. बऱ्याच डब्यांवर तासाभराच्या आत किंवा एका दिवसानंतर पुढचा हात द्या असं लिहिलेलं असतं, आणि मधल्या वेळेत मारलं की खालचा अर्धकच्चा थर उचलला जातो.

नंतरचे दिवस

तासाभरात रंग हाताला कोरडा लागेल, पण नख मारलं तर रुतेल. एक आठवडा गाडी धुऊ नका. महिनाभर प्रेशरचं पाणी त्या भागावर मारू देऊ नका, आणि नंतरही बंदूक हातभर लांब ठेवायला सांगा. टायर पॉलिशवाल्या पोऱ्यालाही प्रेमाने सांगून ठेवा की जाळीला काही लावू नको.

आपल्याकडे या जाळीला आणखी एक काम असतं. अमावस्येला लिंबू-मिरची आणि दसऱ्याला झेंडूचा हार, दोन्ही इथेच बांधतात, तेही बहुतेक तारेने. गाडी चालताना ती तार पट्टीवर सतत घासते आणि महिन्याभरात रंगाखालचं प्लास्टिक उघडं पडतं. माझ्या जाळीचा पहिला टवका खड्याने नाही, तारेनेच उडाला. आता आम्ही सुती दोरा वापरतो.

उरलेला रंग टाकू नका. डब्याच्या झाकणात थोडा फवारून तो नेलपॉलिशच्या रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या बाटलीत भरा. खड्याचा टवका दिसला की ती जागा आयपीएने पुसायची आणि बाटलीच्याच बारीक ब्रशने एक थेंब टेकवायचा. सॅटिन रंगात तो थेंब वाळल्यावर शोधूनही सापडत नाही.